घोटीव की ओबडधोबड? : लेखणीची अंगकांती आणि वऱ्हाड

लाकडी लेखण्या हाताने घडवणाऱ्या मंडळींत एक वाद कायम चालू असतो. दांडी खरादीवरून उतरली, तिच्यावरून कानस आणि पॉलिशपेपर फिरला, की पुढे काय करायचे? लाकडाला नुसते तेल पाजून सोडावे, म्हणजे त्याच्या रेषा आणि रंध्रे बोटांना लागत राहतील? की लाख, वार्निश किंवा अलीकडचे रासायनिक लेप थरावर थर चढवून त्याचा आरसा करावा? पहिल्या प्रकाराला ही मंडळी 'रस्टिक' म्हणतात, दुसऱ्याला 'ग्लॉसी'. हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा प्रश्न आहे असे म्हणून वाद बहुधा मिटवला जातो. आम्हांस मात्र तो इतिहासाचा प्रश्न वाटतो, आणि त्याच्या बऱ्याच खुणा अमरावती-अकोल्याच्या मुलुखात सापडतात. मेळघाटचा साग, जवसाचे तेल, पळसावरची लाख आणि मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ हे सारे या एका टापूत किंवा त्याच्या हाकेच्या अंतरावर आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. लेखनाच्या व्यवहारात चकाकी पूर्वीपासून होती, पण ती लेखणीवर नव्हती, कागदावर होती. लेखणी ज्या दिवसापासून विकत घ्यावयाची वस्तू झाली, त्या दिवसापासून चकाकी तिच्या अंगावर चढू लागली. आज जो खडबडीतपणा हौसेने आणि चढ्या भावाने विकला जातो, तो या स्थलांतरानंतरचा आहे. बोरूच्या साधेपणाशी त्याचे नाते वाटते तितके सरळ नाही.

सुरुवात रिद्धपूरपासून करावी लागते. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातले हे गाव. तेराव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते येथे. या गावी मराठी भाषेचे विद्यापीठ २०२४ पासून सुरू झाले आहे, त्यामागचे कारणही हेच. मूळ प्रत आज उपलब्ध नाही. हाती आहेत त्या पुढच्या शतकांत महानुभावांनी नकलून ठेवलेल्या पोथ्या, आणि त्यांतल्या कित्येक सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपीत. या पोथ्यांची अक्षरे पाहणाऱ्याला एक गोष्ट चटकन जाणवते: आडवी रेघ आणि उभी रेघ यांच्या जाडीत ठरावीक फरक आहे. तिरपे छाटलेल्या बोरूशिवाय हे वळण साधत नाही. म्हणजे लेखणी गेली तरी तिच्या टोकाचा कोन कागदावर राहिला आहे. तिच्या दांडीचे मात्र काहीच राहिलेले नाही. ती गुळगुळीत होती की गाठाळ, हे सांगणारी एकही खूण अक्षर मागे ठेवत नाही.

तरी आपल्याला एक साक्षीदार आहे, आणि तो चांगला तपशीलवार आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. सतराव्या शतकातले लेखनसाहित्य त्यात नीट नोंदवलेले सापडते. बोरू निरनिराळ्या प्रदेशांतले, निरनिराळ्या रंगांचे आणावेत. ते घट्ट, बारीक, सरळ असावेत. सुरी हवी, कातर हवी, खळ हवी, घोटण्याचे साधन हवे. शाई आणि हिंगुळ यांचा संग्रह असावा. पोथीच्या फळ्या घोटून त्यांवर चित्रे काढावीत. येथे 'घोटणे' हे क्रियापद कशाकशाला लागले आहे ते पाहण्यासारखे आहे. फळ्यांना लागले आहे. खळीच्या जोडीला घोटण्याचे साधन सांगितले आहे, म्हणजे कागदालाही ते अभिप्रेत आहे. बोरूबद्दल समर्थ इतके चोखंदळ आहेत, पण तो घोटावा, रंगवावा, तेल पाजावा असे ते कुठेही सांगत नाहीत. बोरूचे गुण त्याच्या जातीत आणि छाटणीत होते.

कागद घोटण्याची क्रिया आज विस्मरणात गेली आहे, म्हणून थोडे सविस्तर. हातकागद साच्यातून निघतो तेव्हा तो टिपकागदासारखा असतो. त्यावर शाई टेकवली की पसरते. म्हणून त्याला पिठाची खळ लावून वाळवावे लागे. मग गुळगुळीत फळीवर ठेवून अकीक, शंख किंवा कवडी दाबून घासत राहायचे. तंतू बसतात, खळ आत मुरते, आणि पृष्ठभागावर मंद चमक येते. दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि पुणे प्रांतातले जुन्नर ही अशा कागदाची दख्खनेतली नावाजलेली ठिकाणे. अशा घोटीव कागदावर काजळी आणि डिंक यांची शाई वर राहते, कडा स्वच्छ उमटतात आणि चूक झाली तर ओल्या बोटाने पुसताही येते. थोडक्यात, चकाकी ही तेव्हा शोभा नव्हती, कामाची गरज होती. बोरूला ती गरजच नव्हती. उलट बोरूची साल निसर्गतः इतकी घट्ट आणि गुळगुळीत असते की माणसाने तिच्यावर काही करावे अशी तिची अपेक्षा नसते.

दुसरे असे की बोरू टिकवायचा नसतोच. टोक झिजले की छाटायचे, पुन्हा झिजले की पुन्हा छाटायचे. काही दिवसांनी बोटांत धरण्याइतका उरला नाही की फेकून द्यायचा. ज्या वस्तूचे आयुष्य चाकूच्या प्रत्येक फटक्यागणिक कमी होते, तिच्यावर लाखेचे थर कोण चढवील? लिहिणाऱ्याचा मान त्याच्या बोरूवरून कुणी करत नसे, त्याच्या छाटणीवरून करत. ज्याला डोळ्यांत भरायचे होते तो पैसा लावी कलमदानावर. पितळेची दौत, कोरीव किंवा रंगवलेली लाकडी पेटी, काश्मिरी पद्धतीचा लाखकामाचा लांबट डबा: सारा झगमगाट कवचावर आणि आत गवताची कांडी. इमादशाही, निजामशाही, मोगल, मग निजाम असे राज्यकर्ते वऱ्हाडाने पाहिले. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, दफ्तरांत फारसी चालली, गावोगावच्या पांड्यांच्या दफ्तरात मोडी चालली. पण फारसीचा कलम काय आणि मोडीचा बोरू काय, दोन्हींची दांडी उघडीच होती. 'बोरूबहाद्दर' आणि 'कलमकसाई' हे शब्द ज्या भाषेने घडवले, तिने लेखणीच्या रूपाला नाव ठेवल्याचे किंवा तिचे कौतुक केल्याचे आम्हांस आढळत नाही. नाव ठेवले ते लिहिणाऱ्याला.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्याच सुमारास लेखणीच्या इतिहासातली मोठी उलथापालथ बर्मिंगहॅममध्ये होऊन चुकली होती. यंत्राने ठोकलेली पोलादी निबे १८२० नंतरच्या दोन दशकांत तेथे लाखोंनी निघू लागली आणि शतकाच्या मध्यापर्यंत त्या गावाने जगाच्या बाजारपेठेचा मोठा वाटा घेतला. निब आले म्हणजे ते बसवायला दांडी आली. मराठीने या नव्या वस्तूला जुनेच नाव दिले: टाक. पूर्वी बोरूच्या छाटलेल्या टोकाला टाक म्हणत. आता लाकडाची दांडी आणि तिच्यात खोचलेले निब मिळून टाक झाला. शब्द राहिला, पण त्याखालचे नाते बदलले. निब झिजते, ते फेकायचे, दांडी राहते. लेखणीत प्रथमच एक टिकाऊ भाग निर्माण झाला, आणि हा भाग लिहिण्याच्या कामात प्रत्यक्ष काहीच करत नाही. शाई त्याला लागत नाही, कागद त्याला लागत नाही. त्याला लागतात फक्त बोटे. सजावटीला इतकी मोकळी जागा लेखणीने त्याआधी कधीच दिली नव्हती.

म्हणून टाकाची दांडी तांबड्या, काळ्या, हिरव्या रंगांत येऊ लागली, वर वार्निश. साध्या दांडीपेक्षा रंगीत दांडी अर्थातच बरी दिसे. रंगाखाली हलके लाकूड खपून जाई हा कारखानदाराचा फायदा होता, तो ग्राहकाला सांगण्याची गरज नव्हती. कचेरीतला कारकून, शाळेतला मास्तर आणि अमरावतीचा वकील यांच्या हातात एकाच घाटाचे टाक आले. दादासाहेब खापर्ड्यांनी १८७९ पासून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत रोजनिशी लिहिली. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. त्यांच्या रोजनिश्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जवळजवळ साठ वर्षांचे हे लेखन हाती आहे, पण ज्या दांड्या या काळात त्यांच्या बोटांत फिरल्या असतील त्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. वस्तू म्हणून लेखणीकडे पाहण्याची सवय आपल्याकडच्या अभ्यासकांना नाही, ही आमची जुनी तक्रार आहे. असो.

जुन्या टाकांकडे पाहणाऱ्याला एक गंमत दिसते. दांडीच्या वरच्या भागावर रंग शाबूत असतो. निबाच्या वर बोटभर अंतरावर, जेथे अंगठा, तर्जनी आणि मधले बोट टेकते, तेथे तो उडालेला असतो आणि खालचे लाकूड घामाने, शाईने काळपट होऊन स्वतःच गुळगुळीत झालेले असते. ही तिसरी कांती. तेलाची नव्हे, लाखेची नव्हे, हाताची. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ती नवी नाही. वखराची रुमणी, कुऱ्हाडीचा दांडा, पाट्याचा वरवंटा यांना कोणी पॉलिश करत नाही. वापरानेच त्यांना ती येते आणि एकदा आली की नवा दांडा हाताला परका वाटतो.

आता लाकडाकडे वळू, कारण वादाचे अर्धे उत्तर झाडांनीच देऊन ठेवले आहे. मेळघाटचा साग प्रसिद्ध. पण सागाची रंध्रे मोठी आणि ओळीने पडलेली असतात, त्याच्या अंगात स्वतःचे तेल असते आणि वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो, ज्यामुळे पटाशीची धार लवकर जाते. असे लाकूड चकचकीत करायचे तर आधी रंध्रे लुकणाने भरावी लागतात, वरचे तेल स्पिरिटने पुसून घ्यावे लागते, आणि तरीही काही वर्षांनी लेप सुटण्याची भीती राहते. त्यालाच जवसाचे तेल दिले तर ते मुकाट्याने पिते आणि रंग खुलतो. हळदू, ज्याला इतरत्र हेदू म्हणतात, त्याची तऱ्हा उलटी. पिवळसर, बारीक आणि एकसारख्या पोताचे हे लाकूड खरादीसाठी पूर्वीपासून पसंतीचे. त्यावर लाख अशी बसते की जणू त्याच्याच अंगातून उगवली. बाभळीचा तांबूस गाभा जड आणि चिवट. तो अवजारांच्या दांड्यांसाठी राखलेला असतो, आणि नुसत्या बारीक पॉलिशपेपरनेही त्याला बरीच चमक येते. म्हणून 'रस्टिक बरे की ग्लॉसी बरे' असा प्रश्न कोणी घातला, तर कातारी आधी विचारील: कोणते लाकूड? हा प्रतिप्रश्न ज्याला सुचत नाही त्याने या वादात फार बोलू नये असे आम्हांस वाटते.

तेल आणि लाख यांच्या कामाची पद्धतही वेगळी. जवसाचे तेल लाकडात मुरते आणि हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. पातळ हात द्यायचा, पुसायचे, एक-दोन दिवस थांबायचे, पुन्हा द्यायचे. घाई केली, जाड थर सोडला, तर तो महिनाभर चिकट राहतो. लाखेचे उलट. ती वर बसते. कातारी फिरत्या दांडीवर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो; घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून दांडीवर पसरते आणि केवड्याच्या पानाने घासली की तिला काचेची झळाळी येते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी याच कृतीने होतात. सुतारांची फ्रेंच पॉलिशची रीत निराळी: चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने पन्नास-साठ वेळा हात फिरवायचा. मिनिटांत वाळते, उणीव राहिली तर पुढच्या हाताने झाकते. मात्र पाणी सांडले की पांढरा डाग पडतो आणि उष्णतेने ती मऊ होते.

अकोल्याच्या उन्हाळ्यात ही शेवटची गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. पारा ४५ अंशांवर जातो, लाकूड कोरडे पडून आकसते आणि श्रावणात पुन्हा फुगते. वरचा लेप कडक असेल तर तो या हालचालीबरोबर हलू शकत नाही. जोडाजवळ केसासारखी तडा जाते. तेल दिलेले लाकूड आकसते-फुगतेच, पण त्यावर फुटायला काही नसते. शिवाय घामट बोटांत चकचकीत दांडी सरकते. मे महिन्यात या शहरात दोन पाने लिहून पाहावीत, म्हणजे सिद्धान्ताची गरज उरत नाही. तरीही लाखेच्या बाजूने एक मुद्दा भक्कम आहे. शाईचा थेंब उघड्या लाकडात मुरला तर तो जन्माचा. लाखेवरून तो पुसून जातो.

या दोन द्रव्यांचा व्यापारी इतिहासही जाता जाता सांगण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून जवस मोठ्या प्रमाणावर युरोपास जाई. तिकडे त्याच्या तेलाचे रंग आणि वार्निश होत. लाखेवर जगणारी लखेरा नावाची छोटी जात रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरील १९१६ च्या ग्रंथात नोंदवली आहे. बांगड्या हा तिचा मुख्य व्यवसाय. इंग्रजी 'लॅकर' या शब्दाच्या मुळाशी आपलीच 'लाक्षा' बसलेली आहे. म्हणजे विलायती टाकाच्या दांडीवर जी चमक वऱ्हाडातल्या कारकुनाने विकत घेतली, तिचे नाव आणि कच्चा माल दोन्ही हिंदुस्थानच्या बाजूचे होते. स्वदेशीच्या काळात याची चर्चा व्हायला हवी होती. लेखणीच्या बाबतीत ती खरोखर उभी राहिली ती मात्र बरीच उशिरा, आणि वऱ्हाडच्या शेजारी, वर्ध्यास.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला; वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे केंद्र आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. हातकागद, गावठी शाई आणि बोरू यांचा पुरस्कार येथून होऊ लागला. गांधीजी स्वतः बोरूने लिहीत. पण याच काळात राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी देशी बनावटीचे फाउंटन पेन कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पाठवले, आणि १६ जुलै १९३५ रोजी वर्ध्याहून गांधीजींनी पत्र लिहून ते वापरून पाहिल्याचे व परदेशी पेनांना तो चांगला पर्याय वाटत असल्याचे कळवले. हे पेन एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे. खरादीवर हाताने कातलेले. एकाच वर्षी, एकाच वाडीत, गवताची उघडी कांडी आणि काळे तुळतुळीत पेन या दोहोंना मान्यता मिळावी यात अनेकांना विसंगती दिसेल. आम्हांस ती दिसत नाही. गांधीजींचा प्रश्न वस्तू कोणी आणि कोठे घडवली हा होता. ती चमकते की नाही, हा नव्हता. ग्रामोद्योगी साधेपणाला सौंदर्यशास्त्र बनवण्याचे काम नंतरच्यांनी केले. मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडले आणि आजही वर्ध्यास आहे; तेथल्या वस्तू पाहताना हे ध्यानात ठेवावे.

एबोनाइटवरून आठवले म्हणून जपानची एक गोष्ट. एबोनाइट उजेडात आणि दमटपणात राहिले की काळ्याचे मातकट तपकिरी होते. टोकियोच्या नामिकी कंपनीने, जी पुढे पायलट झाली, १९२० च्या दशकात यावर उपाय म्हणून पेनावर उरुशीचा, म्हणजे तिकडच्या झाडाच्या चिकाचा, लेप देण्याची रीत काढली. जगभर ज्या जपानी लाखकामाच्या पेनांची वाहवा होते त्यांचा उगम असा एका व्यावहारिक अडचणीत आहे. चकाकी म्हणजे दिखाऊपणा असे समीकरण मांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आमच्या घोटीव कागदाची हकिकतही याहून निराळी नव्हती.

आता आजचे. टाक शाळांतून गेला, मोडी त्याच्याही आधी गेली, बॉलपेन आले आणि लेखणी पुन्हा फेकून देण्याची वस्तू झाली. या एका बाबतीत बॉलपेन हे बोरूचे खरे वारसदार. त्याच वेळी हाताने घडवलेले लाकडी पेन ही भेटवस्तू म्हणून, संग्राह्य वस्तू म्हणून वर आली. आत पितळेची नळी, बाहेर लाकडाचे कवच. लाकडाला शाई सोसत नाही, म्हणून नळी लागतेच. चकचकीत हवे असेल तर या कवचावर आता लाखेऐवजी झटपट चिकटणाऱ्या डिंकाचे, म्हणजे सायनोअॅक्रिलेटचे, दहा-बारा पातळ हात देऊन घासतात. परिणाम थक्क करणारा असतो, पण मग लाकूड काचेमागे गेलेले असते. ते दिसते, हाताला लागत नाही. आमची नापसंती आम्ही लपवत नाही. मात्र 'रस्टिक' पेनाबद्दलही भोळेपणा नको. त्यातला खडबडीतपणा तारेच्या ब्रशने घासून, कधी ज्योतीने किंचित जाळून, मग बोटांना बोचू नये इतका मऊ करून काढलेला असतो. तो कमावलेला आहे. बोरू साधा होता कारण कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. हे पेन साधे दिसते कारण कोणीतरी सतत पाहणार आहे.

येथे वऱ्हाडचा प्रश्न निर्माण होतो. शहरातला ग्राहक गावच्या वस्तूकडून गावपण मागतो. तुपाला, कोंबडीला, आंब्याला लावलेले 'गावरान' हे विशेषण अमरावतीच्या बाजारात भाव वाढवते, तसेच लाकडाच्या बाबतीत 'रस्टिक' वाढवते. पण गावच्या सुताराची स्वतःची पसंती काय आहे? विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी घेऊन घरोघर जातात. हा नंदी सुतार आपल्या मनाने रंगवतो तेव्हा तो ऑइलपेंटने चकचकीत रंगवतो. डोळे, झूल, शिंगे सारे झळाळते. खऱ्या बैलाची शिंगेही पोळ्याला घासून, रंगवून, बेगड लावून सजवतात; त्या दिवशी त्याच्या मानेवरचे जू मात्र उतरवलेले असते. कामाच्या वस्तूला तेल आणि सणाच्या वस्तूला झळाळी हा विवेक या मुलखाला चांगला ठाऊक आहे. पेन ही आता कामाची वस्तू की सणाची, हे ठरल्याखेरीज तिचे अंग कसे असावे हे सुताराला कसे कळावे?

'सफाई' हा मराठी कारागिरीतला सर्वोच्च गौरव आहे. काम सफाईदार आहे म्हटले की पुढे बोलणे नाही. ज्याने पंचवीस वर्षे हात घोटून सफाई मिळवली, त्याला दलाल सांगतो की कडा जरा ओबडधोबड ठेव, गिऱ्हाईक खूष होते. त्या माणसाला हे अपमानकारक वाटले तर नवल नाही. कौशल्य दाखवण्याची त्याची जागाच काढून घेतली जाते आणि उरतो तो 'आदिवासी', 'ग्रामीण', 'अस्सल' असा शिक्का. मेळघाटात लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्राने १९९० च्या दशकापासून कोरकू कारागिरांसोबत जे काम केले, त्याचे महत्त्व आम्हांस येथे वाटते. बांबूची साल जन्मतःच चकचकीत. ती ठेवावी, खरवडावी की विणीत लपवावी हे वस्तू पाहून ठरते. हा निर्णय कारागिराच्या हातात राहिला, तर 'रस्टिक' हा शब्द कोणी वापरला काय आणि न वापरला काय.

साहित्याच्या वाचकांना या साऱ्यात ओळखीचे काही ऐकू येत असेल. 'घोटीव' हे विशेषण आपण अक्षराला लावतो, शैलीलाही लावतो. 'गुळगुळीत' मात्र समीक्षेत शिवी आहे. आणि वऱ्हाडी बोलीला 'रांगडी' म्हणताना आपण कौतुक करतो आहोत की तिला पायरीखाली बसवतो आहोत, हे बोलणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. 'लीळाचरित्रा'चे गद्य आजच्या कानाला उघडे, तेल पाजलेल्या लाकडासारखे लागते: छोटी वाक्ये, बोलण्याचे तुकडे, गावांची आणि माणसांची नावे. त्याची संहिता वि. भि. कोलत्यांनी पाठ ताडून १९७८ मध्ये सिद्ध केली. ती वाचताना कळते की या उघडेपणामागे ऐकलेली प्रत्येक गोष्ट पडताळून घेण्याची केवढी शिस्त आहे. उद्धव शेळक्यांनी 'धग' मध्ये, १९६० साली, वऱ्हाडी बोली संवादांत आणली ती तिचा खडबडीतपणा दाखवण्यासाठी नव्हे. कौतिकच्या घरात लोक तसेच बोलतात म्हणून. पुढे ज्यांनी ती बोली रंग भरण्यासाठी वापरली, त्यांच्या पानांवर तारेच्या ब्रशचे ओरखडे दिसतात. नावे घेत नाही.

लाकडी पेन घेऊ इच्छिणाऱ्यांनी आमचे मत विचारलेच, तर ते काहीसे रूक्ष आहे. सागाचे घ्याल तर तेलाचे घ्या. हळदूचे मिळाले तर लाखेचे. तेलाचे पेन वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, जवसाच्या तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन स्वतःच पुसता येते. तेलाचे ते फडके मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, वाळत घालावे. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी आपोआप तापून पेट घेऊ शकते. लाखेची झळाळी गेली तर कातारी पुन्हा चढवून देतो. डिंकाच्या काचेला तडा गेला, तर ती संपूर्ण उतरवून नव्याने देण्यावाचून गत्यंतर नसते, आणि ते काम करून देणारा माणूस अकोल्यात शोधण्यापेक्षा नवे पेन घेणे स्वस्त पडते.